भद्द वाजलेलं चाक

टायरवरून कुणी इतकं भांडतं का? पण ठोक्या आणि त्याचा मेहुणा भांडले. भर उन्हात, शेडच्या दारात भांडले, आणि ऐकायला सगळा रस्ता गोळा झाला.

मेहुणा म्हणजे ठोक्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा ट्रक होता, गावाचे बटाटे तोच बाजाराला न्यायचा. ठोक्याचा धंदा रिमोल्डचा. झिजून गोटा झालेलं टायर घासायचं, खिळ्यांची भोकं भरायची, वर नवं रबर चढवून भट्टीत शिजवायचं. हल्ली गिऱ्हाईक आटलं होतं. भट्टी पेटत नव्हती, शेड बंद करायची वेळ आलेली. म्हणून बायकोनं भावाला गळ घातली होती. त्याच्या मागच्या जोडचाकातलं बाहेरचं टायर गेलं होतं, तिथं आता ठोक्याचं रिमोल्ड बसलं.

"ताईच्या शब्दाखातर लावतोय हं दाजी," मेहुणा चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नाहीतर तुमचं रिमोल्ड म्हणजे मढ्याला पावडर!"

लोक खो खो हसले. चहावाल्याच्या हातातला कप हिंदकळला.

"मढं?" ठोक्याचा पारा चढला. "अरे, आतला सांगाडा धड असला ना, की वर चढवलेलं रबर नव्याच्या तोडीस तोड पळतं. सडकं टायर मी हातात तरी धरतो का? मागच्या खेपेला तुझंच परत केलं ना?"

"केलं. पण पुढच्या चाकाला हे मी लावायचो नाही."

"पुढं लाव म्हणतंय कोण? पुढं मी स्वतःसुद्धा लावत नाही. मागं लाव, हवा बघ, बेताचा माल भर. एवढं केलंस तर काही होत नाही."

"झालं, शाळा भरली!" मेहुणा म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले.

ठोक्याला ठोक्या का म्हणायचे, तर शेडमधून गाडी निघाली की तो लाकडी हातोडी घेऊन तिला चक्कर मारायचा. स्वतःचं टायर असो की नवं, प्रत्येक चाकावर एक ठोका. हवा भरपूर असली की चाक ठण्ण वाजायचं. कमी असली की भद्द. भद्द वाजलं की ठोक्या ओरडायचा, "हवा घे रे!" आणि स्वतःच नळी ओढून आणायचा. हा त्याचा नेम कधी चुकला नव्हता.

त्या दिवशीही त्यानं चक्कर मारली. त्याचं रिमोल्ड ठण्ण वाजलं. मग हात आत घालून त्यानं शेजारच्या आतल्या चाकावर ठोका दिला. ते टायर नवंकोरं होतं.

भद्द.

ठोक्याचा हात तिथंच थांबला. तोंड उघडलं, तेवढ्यात समोर मेहुण्याचे दात दिसले. तो अजून हसतच होता. ठोक्याच्या मनात आलं, नवं आहे ना तुझं? मग बघ तुझं तू. त्यानं तोंड मिटलं, हातोडी खुंटीला अडकवली. बटाट्यांनी भरलेला ट्रक धूळ उडवत गेला. रस्त्यावरचं डांबर उन्हानं पाघळलं होतं.

उन्हं कलायच्या आत बातमी आली. टायर फुटलं, गाडी घाटाच्या कडेला घासली, मेहुण्याचा पाय दाराच्या पत्र्यात अडकून मोडला.

"रिमोल्डच फुटलं असणार!" चहावाला म्हणाला. "मी म्हणत नव्हतो?"

बायको उंबऱ्यात उभी होती. ती नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. ठोक्या तिच्या नजरेतून सुटायचं म्हणून मिळेल त्या टेम्पोत बसून घाटाकडे गेला.

ट्रक कडेला तिरपा उभा होता. बटाटे पार खाली ओढ्यापर्यंत घरंगळले होते. आतल्या नव्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. बाहेर रिमोल्ड मात्र शाबूत होतं, सगळा भार एकट्यानं पेलून.

"अरे, ह्यानंच गाडी उलटू दिली नाही!" कुणीतरी ओरडलं. "नाहीतर आज माणूस दिसला नसता!"

झालं! लोकांनी ठोक्याला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. गावात पोचेपर्यंत चहावाल्यानंही बाजू बदलली होती. दुसऱ्या दिवसापासून शेडपुढे गोटा झालेल्या टायरांची रास लागली. बायको येईल त्याला सांगत सुटली, "नवं टायर बोगस निघालं हो! आमच्या ह्यांच्या रबरानं माझा भाऊ वाचला!"

"हवा कमी होती त्यात," ठोक्या पुटपुटला.

"बघा, तरी दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवत नाही! मोठ्या मनाचा माणूस!" लोक म्हणाले. ठोक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भट्टी मात्र रात्रंदिवस पेटली होती.

शेवटी एका दुपारी तो उठला आणि मेहुण्याकडे गेला. पाय प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. खोलीत औषधाचा वास. बायको आधीच भावाच्या उशाशी बसली होती.

ठोक्या उभ्यानंच म्हणाला, "आतलं चाक भद्द वाजलं होतं. मी ऐकलं. तू मला हसलास म्हणून बोललो नाही. तुझा पाय मी मोडला."

बायकोच्या हातातला पंखा थांबला.

मेहुण्यानं नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "दाजी, मीपण ऐकलं होतं."

"काय?"

"भद्द. तुमच्यासमोरच तर उभा होतो. म्हटलं, तुम्ही ओरडाल. तुम्ही ओरडला नाहीत. आता एवढं बोलून बसल्यावर तुमच्याकडे हवा कुठल्या तोंडानं मागू? म्हटलं, बाजारात भरून घेऊ."

दोघांनी माना खाली घातल्या. बायको आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले, पण आवाज करडा निघाला.

"दोघांनीही ऐकलंत. आणि मी गावभर त्या बिचाऱ्या टायरला शिव्या देत फिरतेय."

तिनं पंखा नवऱ्याच्या हातात दिला आणि ती दाराशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. ठोक्या मेहुण्याच्या पायाशी बसला आणि वारा घालू लागला. प्लास्टरवर माशी बसत होती. ती उडवायला त्यानं हात पुढे केला, पण पायाला हात लावायचं त्याला धाडस झालं नाही.