ढगांची खूण

बाबिलोनच्या मंदिरासाठी इकीशानं एकतीस वर्षं आभाळाची नोंद ठेवली. आता मातीची पाटी ती केवढी, अन् आभाळ केवढं! म्हणून हा गडी ग्रहाचं नाव पुरतं कधी लिहायचाच नाही. नावातली पहिली खूण ओल्या मातीत टोचली की चालला पुढं. ‘ढग होते, पाहता आलं नाही’ एवढं सगळं त्याच्याकडे दोन टोच्यांत मावायचं. आखूड तर सगळेच लेखक लिहीत, पण याच्या कित्येक खुणा याच्या एकट्याच्या होत्या. त्या दुसऱ्या कुणाला लागत नसत.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मंदिराच्या सभेत कुरकुर सुरू झाली, आंधळ्याला ही जागा कशाला? इकीशाचा तर त्या जागेत जीव. तोडगा काढला त्याच्या मुलानं, रीमुतनं.

“आबा, तुमच्या खुणा मला शिकवा. मी सभेपुढं वाचून दाखवतो. म्हणतो, डोळे माझे, डोकं आबांचं, जागा दोघांत एकच द्या.”

इकीशाचा ऊर भरून आला. शिकवताना तो असा रंगला, की एक जुनी पाटी बोटांनी चाचपत खुदकन हसला.

“ही ढगांची खूण ना? ढग कुठले बोडक्याचे! आभाळ लख्ख होतं. तू सहा वर्षांचा, तापानं फणफणलेला. सहा रात्री तुझ्या उशाशी बसलो, मंदिराच्या गच्चीवर गेलोच नाही. दिलं ठोकून, ढग! कुणाला बोलू नकोस हं.”

“छे हो, आबा!”

सभेच्या दिवशी सकाळी रीमुतनं पाट्या घडाघडा वाचल्या. इकीशा कोपऱ्यात बसून मान डोलावत होता. तेवढ्यात रीमुत थांबला.

“इथं सहा रात्री ढग लिहिलेत. ढग नव्हते. आबांनीच मला सांगितलंय. अशा माणसाबरोबर मी जागा वाटून घेणार नाही. द्यायची तर मला एकट्याला द्या.”

पोटच्या पोरानं केसानं गळा कापला!

“इकीशा, पोरगा म्हणतो ते खरं का रे?” सभेच्या म्होरक्यानं विचारलं.

नाही म्हणायचं, बस्स. खूण त्याची, अर्थही तोच सांगणार. खोट्या साक्षीपायी रीमुत जन्मातून उठला असता. इकीशाला ते चांगलं कळत होतं. जिभेवर आलेलं त्यानं गिळलं.

“खरंय.”

“मग होतास कुठं?”

“घरी.”

जागा रीमुतला मिळाली. बाहेर पडताना त्यानं बापाचा दंड धरला. “आबा, पायरी आहे.”

इकीशानं हात झिडकारला. “मेल्या, तुला ताप होता, ते का नाही सांगितलंस?”

“कुणी विचारलं नाही,” रीमुत म्हणाला.