शेडचा वाकलेला खांब

सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली, पण कधी रंगाचा टवका उडू दिला नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना ‘पायलट’च म्हणत. गाडी लावायची त्यांची पद्धतही ठरलेली. कितीही घाई असो, गाडी उलटी घेऊन शेडमध्ये घालायची, तोंड रस्त्याकडे. सून मात्र सरळ नाक खुपसून मोकळी व्हायची आणि सकाळी गाडी मागे काढताना घामाघूम व्हायची.

त्या संध्याकाळी नात तापाने फणफणली होती. नवरा कामावरून यायचा होता. सासरे नातीच्या उशाशी बसल्या बसल्या पेंगत होते. त्यांना न उठवता सून गाडी काढून औषध आणायला गेली. ती एका मोठ्या लॉन्ड्रीत सुपरवायझर होती. परत येताना तिकडून फोन आला, मशीन बंद पडलंय, चादरी आतच अडकल्यात. फोन खांद्याने कानाशी दाबून तिने गाडी शेडकडे वळवली आणि धाडकन आवाज झाला.

खांब कमरेतून वाकला होता. वरचे पत्रे करकरले आणि गप्प झाले. पुढच्या बंपरवर खाली, डाव्या कोपऱ्यात ओरखडा उठला होता. तिने उतरून तो पाहिला आणि पुन्हा गाडीत बसली. मग तिने गाडी बाहेर घेतली, वळवली आणि दोन-तीनदा पुढेमागे करत उलटी लावली. तोंड रस्त्याकडे. हे आपण का करतोय, असं तिने स्वतःला विचारलं नाही. हात आपोआप चालत होते. घरात येऊन तिने मुलीला औषध पाजलं. सासरे जागे होऊन म्हणाले, “आलीस का पोरी?” आणि आपल्या खोलीत गेले.

नवरा रात्री अंधारात आला होता, त्याला खांब सकाळी दिसला आणि त्याच्या ओरडण्याने घर जागं झालं. “बाबा! हे काय करून ठेवलंत?”

सासरे बाहेर आले. त्यांनी खांब पाहिला, मग उलटी लावलेली गाडी पाहिली. “काल मीच लावली होती,” ते सावकाश म्हणाले. “पण मला आवाज कसा आला नाही?”

सून दारातच उभी होती. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून मुलीने हाक मारली आणि ती आत गेली. आता सांगू, मग सांगू, जेवताना सांगू. दुपारी सासऱ्यांनी गाडीची किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली. “आता तूच चालव. तुझा हात सरळ आहे.”

त्यानंतर सांगणं राहूनच गेलं. एकदा गिळलेला शब्द दुसऱ्या दिवशी दुप्पट जड होतो.

सासरे मात्र बदलले. त्यांच्या बसवरचे जुने कंडक्टर शेजारच्या गल्लीत राहत. त्यांचे गुडघे गेले होते. त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात नेणं-आणणं हे सासऱ्यांचं काम होतं आणि त्यात दोघांच्या दिवसभराच्या गप्पा व्हायच्या. ते बंद झालं. कंडक्टर रिक्षाने जाऊ लागले. सासरे शेडकडे बघतही नसत, मागच्या दाराने ये-जा करत. चालताना भिंतीला हात लावत चालायची सवय त्यांना लागली. हे सगळं सुनेला दिसत होतं. ती त्यांची भाजी कमी तिखट करायची, त्यांचे कपडे इस्त्री करून ठेवायची. त्यांनी “गुणाची आहेस” म्हटलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग पाऊस लागला. वाकलेल्या खांबामुळे वरची पट्टी खाली आली होती, दोन पत्र्यांमधला जोड उघडला होता आणि पाण्याची धार थेट उंबऱ्यावर पडू लागली. धारेखाली बादली सरकवता सरकवता तिने नवऱ्याला खरं काय ते सांगून टाकलं.

त्याने बादली धारेखाली नीट केली. मग म्हणाला, “बाबांना सांगू नकोस.”

“असं कसं?”

“अगं, या वयात गाडी सुटली ते बरंच झालं. मी कधीचा म्हणत होतो, ते ऐकत नव्हते. आता सांगून काय मिळणार? उगाच घरात तमाशा.”

क्षणभर तिला हलकं वाटलं. नवऱ्यानेच म्हटलंय, म्हणजे प्रश्न मिटला. ते हलकं वाटणं लक्षात आलं तेव्हा मात्र तिला बादलीत तोंड लपवावंसं वाटलं.

रविवारी पत्रेवाला आला. कंडक्टरकाकाही काठी टेकत आले आणि खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकू लागले. “तो पत्रा आधी काढ. अरे, तो नाही, पलीकडचा!” पत्रेवाल्याने त्यांचं काही ऐकलं नाही. त्याने पट्टीखाली जॅक लावला, वरचे पत्रे सोडवले, जुने कुजलेले वॉशर खाली फेकले आणि वाकलेल्या खांबावर हात फिरवून हसला.

“कोणी उडवला हा? गाडी चालवता की रणगाडा?”

नवरा मोबाईलमध्ये बघू लागला. सून पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभी होती.

“मी,” सासरे म्हणाले.

“हॅट्!” कंडक्टर उखडले. “याने? मिस्त्री, या माणसाने आयुष्यभर बस चालवली. माणूस सोडा, कोंबडी मारली नाही. हा खांबाला धडकणार?”

“धडकलो रे,” सासरे म्हणाले. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. “आणि धडकल्याचं कळलंसुद्धा नाही मला. तेच वाईट. आवाज आला नाही, धक्का जाणवला नाही. असा माणूस उद्या पोराच्या अंगावर गाडी घालेल. उतरलो ते बरं झालं.”

पत्रेवाला ओशाळला. “तसं नाही आजोबा, मी आपली गंमत केली.”

“बाबा, तुम्ही नाही धडकलात,” सून म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. “मी धडकवली.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. नवऱ्याने डोळ्यांनीच तिला गप्प बस म्हटलं.

सासऱ्यांचा चेहरा मऊ झाला. “नको पोरी. माझ्यासाठी खोटं नको बोलूस.”

“बघा,” कंडक्टर पत्रेवाल्याला म्हणाले, “अशी सून मिळायला नशीब लागतं.”

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. आपल्या गुन्ह्याचंही कौतुक व्हावं! इथेच थांबावं, सगळे खूश आहेत, असंही एकदा मनात येऊन गेलं.

“खोटं नाही, बाबा. तुम्ही गाडी उलटी लावता. तुमच्याकडून लागलं असतं तर मागे लागलं असतं. ओरखडा पुढे आहे. बघा तुम्ही.”

सासरे कितीतरी दिवसांनी गाडीजवळ गेले. उकिडवे बसले, पुढच्या बंपरवरून बोट फिरवलं. मग उठून मागे गेले, मागचा बंपर पाहिला. परत पुढे आले. त्यांचे ओठ हलत होते, जणू ते गाडी मनातल्या मनात शेडमध्ये घालून बघत होते.

“पण सकाळी गाडी उलटीच होती,” ते म्हणाले.

हे सांगायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

“मी लावली उलटी. धडकल्यावर बाहेर काढली आणि तुमच्यासारखी लावली.”

पत्रेवाला उगाचच खाली वाकून वॉशर गोळा करू लागला. कंडक्टरांनी काठीच्या मुठीकडे नजर वळवली. सासरे सुनेकडे बघत होते. ते ओरडले असते तर तिला सोसलं असतं.

“किल्ली आणा,” ते म्हणाले.

पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मग कळलं. लग्न होऊन आल्या दिवसापासून ते तिला ‘अगं, तू’ म्हणत आले होते. आता ‘आणा’ म्हणाले ते परक्या बाईला म्हणावं तसं.

तिने किल्ली आणली. सासऱ्यांनी कंडक्टरांना हाताला धरून गाडीत बसवलं, आरसा नीट केला, पत्रेवाल्याला शिडी बाजूला घ्यायला सांगितलं आणि जॅक व वाकलेला खांब यांच्या मधून गाडी अशी बाहेर काढली की पत्रेवाला “वा!” म्हणाला. लगेच त्याने जीभ चावली.

संध्याकाळपर्यंत खांब बदलून झाला. पत्रे नीट एकावर एक चढवून, नवे वॉशर घालून स्क्रू आवळले गेले. पत्रेवाल्याने वरून पाणी ओतून दाखवलं. थेंबही आला नाही.

घरात मात्र ‘तुम्ही’ चालूच राहिलं. “तुम्ही जेवून घ्या.” “तुमचा फोन वाजतोय.” नवरा मध्ये पडायला गेला तर सासरे त्याला म्हणाले, “तू गाडी नीट बघितलीस का एकदा तरी? बाप आहे म्हटल्यावर चूक बापाचीच?”

एका दुपारी ती त्यांच्या खोलीत गेली आणि खाली बसली. माफी मागायला शब्द जुळवून आणले होते, ते आठवले नाहीत.

“खांब वाकला त्याचं काही नाही,” सासरे खिडकीकडे बघत म्हणाले. “माझेही डोळे काही धडधाकट नाहीत, उद्या दाखवायला जाणार आहे. पण मी स्वतःवरचा विश्वास घालवून बसलो होतो, आणि ते तुला दिसत होतं. रोज दिसत होतं.”

“हो,” ती म्हणाली. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

‘तुला’ म्हणाले, हे तिच्या लक्षात आलं. पण त्याचा आनंद करावा असं तिला वाटलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका डोळ्यात मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन होईपर्यंत अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, असं सासऱ्यांनी स्वतःच ठरवलं. कंडक्टरांना दिवसाउजेडी नेणं-आणणं पुन्हा सुरू झालं.

गल्लीत मात्र जुनीच बातमी फिरत राहिली. कोपऱ्यावरच्या दुकानात एक शेजारीण हसत म्हणाली, “काय गं, पायलटांनी खांब पाडला म्हणे? वय झालं आता त्यांचं.”

तिच्या मागे आणखी दोघी उभ्या होत्या. सुनेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “नाही हो,” ती म्हणाली, “त्यांनी नाही. मी पाडला. आणि आळ त्यांच्यावर ढकलला.”

शेजारणीला वाटलं ती गंमत करतेय. ती हसली. मग सुनेने पिशवी खाली ठेवली आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.