कुंकवाखालची राहीबाई

बेलापूरहून बनुबाई येणार म्हटल्यावर सकाळपासून माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. तिची आई राहीबाई तमाशाच्या फडात नाचायची. बनुबाई रांगत होती तेव्हाच राहीबाई वारली, त्यामुळे लेकीला आईचं तोंड ठाऊक नाही. राहीबाईचा एकुलता एक फोटो आमच्या पेटीत आहे, हे कोपरगावच्या बाजारात मीच तोऱ्यात सांगितलं होतं. ते तिच्या कानावर गेलं.

पेटी सासऱ्यांची. जत्रेत आमच्याकडे जेवलेला कलावंत जाताना एक वस्तू ठेवून जायचा. कुणाचा तुरा, कुणाचे घुंगरू, एक फुटकी ढोलकी. दर दसऱ्याला कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर त्यांचीही पूजा. कुंकू मीच लावणार. सुनांच्या हाताला वळण नाही.

"आत्याबाई, बसा की घडीभर," थोरली सून लंका म्हणाली.

"तू चुलीकडं बघ. दूध उतू चाललंय."

बनुबाई आली ती धुळीच्या पायांनी. चहाला हात लावला नाही.

"आदी फोटू दावा."

दिला. तिनं तो उजेडाला धरला, दारात जाऊन पुन्हा बघितला.

"काकू, तोंड कुठंय?"

मी हिसकून घेतला. पायात चाळ, कमरेवर हात, आणि तोंडाच्या जागी कुंकवाचा जाड, तडकलेला थर. दरसाल टिळ्यावर टिळा. मला तर तिथं राहीबाई दिसायचीच!

बनुबाईनं पदर ओला केला. मी तिचं मनगट धरलं.

"पुसलंस तर कागदच निघंल."

"आईला पुजली का गाडली तुमी?"

मला असं बोलायची या गावात कुणाची छाती नाही. पण मी तिचं मनगट सोडलं.

"तुमाला दिसती का अजून?"

"दिसती की. नाक चाफेकळीवानी..."

"आसं समद्याच नाचनारनीचं सांगत्यात."

खरं होतं. मी डोळे मिटले, उघडले, उंबऱ्यापर्यंत जाऊन आले. मग म्हटलं, "तिखट लागलं की डावा डोळा मिटायची. नाकाचा शेंडा लाल व्हायचा. तरी ठेचा मागून घ्यायची, वर मलाच म्हनायची, पाटलीन, हात आखडू नगं."

बनुबाई खाली बसली.

"आनखी?"

फाट्यावर परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला. ती उठली नाही.

"लंके, भाकरी टाक," मी म्हटलं. "आन ठेचा वाट." फोटो बनुबाईच्या पिशवीत घातला आणि जत्रेच्या दिवशी वाढायला बसायची तशी तिच्यासमोर बसले.