सिग्ने सुखरूप पोचली

डेलमरने पाठपिशवीच्या पट्ट्याला उपग्रहामार्फत निरोप धाडणारं ते नारिंगी यंत्र अडकवलं, त्याची बोटभर अँटेना आभाळाकडे सरळ केली आणि दोन पावलं मागे सरून, तिथे तान्हं मूल निजवलं असावं अशा काळजीने पिशवीकडे पाहिलं, तेव्हाच सिग्नेच्या मनात आलं की हे पाच दिवस काही धड जाणार नाहीत.

गेली एकतीस वर्षं ती दर ऑगस्टमध्ये बेअरटूथच्या पठारावर एकटी येत होती. वनखात्यात मोजणीचं काम करण्यात तिचा जन्म गेला होता. इथली तळी, खडक, ओढ्यांची वळणं तिने स्वतःच्या हातांनी कागदावर उतरवली होती, आणि नकाशा वाचता न येणारा माणूस तिच्या लेखी माणसांत मोडत नव्हता. हल्ली तर अशांचीच गर्दी झाली होती. खिशात उपग्रहाशी बोलणारं डबडं टाकायचं आणि डोकं घरी ठेवून डोंगरात यायचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका इसमाने तळ्याचं पाणी बेचव लागतं म्हणून मदतीचं बटण दाबलं होतं आणि सहा स्वयंसेवक नऊ मैल चढून त्याच्यापर्यंत गेले होते. ही गोष्ट सिग्ने अजून सांगत असे, आणि दर वेळी तो इसम आणखी गुबगुबीत होत असे.

पण या वर्षी तिची धाकटी बहीण आर्डिस हटून बसली. चौसष्टाव्या वर्षी एकटीने जायचं नाही. माझा नवरा डेलमर बरोबर येईल, आणि त्याच्याजवळ यंत्र असेल. नाहीतर मी रोज सकाळी रेंजरच्या कचेरीत फोन करीन, अशी धमकीही तिने दिली. आर्डिस हे केल्याशिवाय राहणार नाही हे सिग्नेला ठाऊक होतं. लॉरेल गावात जिथे जन्म झाला तिथून दोन गल्ल्यांवर संसार थाटून बसलेली, चर्चच्या जेवणावळींसाठी फळांचं सारण भरलेले 'पाय' भाजणारी आणि आयुष्यात कधी वेळेचा किंवा फोनचा हिशेब न ठेवलेली बाई ती. आणि तिला शोभेल असाच हा नवरा, निवृत्त औषधविक्रेता, जो अजूनही बदाम मोजून खात असे.

पहिल्या दिवशी दर तासाला तो थांबे, बटण दाबे, आणि यंत्र किणकिणलं की खूश होऊन चालू लागे.

"काय कळवलंस?"

"सगळं ठीक आहे म्हणून."

"मघाशीही ठीकच होतं की. मधल्या तासात काय अस्वल जेवायला येणार होतं?"

"आर्डिसला बरं वाटतं."

"आर्डिसला मांजर शिंकलं नाही तरी बरं वाटतं."

डेलमर हसला. तो नेहमीच हसत असे, चाळीस वर्षं हसत आला होता, आणि त्या हसण्यामुळेच सिग्नेला त्याला आणखी एक टोला द्यावासा वाटे. आणि ती तो द्यायचीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एका निनावी तळ्याकाठी थांबले. वारा पडला होता. पाण्यात पलीकडच्या कड्याचं प्रतिबिंब इतकं स्पष्ट होतं की त्यातल्या बर्फाच्या भेगासुद्धा मोजता आल्या असत्या. सिग्ने चीजचे तुकडे कापत होती. यंत्र वाजलं, डेलमरने फोनवर निरोप उघडला, आणि वाचता वाचता त्याच्या कपाळावर एक आठी पडली.

"काय म्हणतात महाराणी?"

त्याने फोन तिच्यापुढे धरला. आर्डिसने लिहिलं होतं: *सिग्ने सुखरूप पोचली. गुडघा दुखायला लागला म्हणून मागे फिरली म्हणते, कुणीतरी वाटेत गाडीत घेतलं. तू एकटाच पुढे गेलास? जपून ये.*

सिग्ने इतकी मोठ्याने हसली की काठावरचा एक मार्मट शीळ घालून बिळात शिरला.

"घ्या! हे तुझं जीव वाचवणारं यंत्र. मला घरी पोचवलंसुद्धा. अरे, हेलिकॉप्टर तरी कशाला लागतं मग?"

डेलमरने अंगठ्यांनी सावकाश टाइप केलं की सिग्ने माझ्यासमोर बसून चीज खाते आहे. आभाळातून उत्तर यायला वीस मिनिटं लागली. *थट्टा पुरे. ती आंघोळ करून वरच्या खोलीत झोपली आहे. सूप ठेवलंय तिच्यासाठी.*

"बहिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय," सिग्ने म्हणाली. "होणारच होता. इतकी वर्षं रिकामं होतं."

"आपण परत फिरू या का?"

"कशासाठी? मी घरी पोचलेय ना? आता कसली काळजी?"

ते पुढे गेले. पण त्या दुपारी डेलमर तिच्या मागून चालण्याऐवजी थोडा बाजूने चालू लागला, आणि ती वळून पाही तेव्हा त्याची नजर तिच्या गुडघ्यांवर असे. गुडघे उत्तम होते. ते दाखवायला तिने चढावर मुद्दाम वेग वाढवला आणि वर पोचून, धापा टाकत येणाऱ्या डेलमरची, घड्याळाकडे बघत वाट पाहिली.

निरोप येत राहिले. सिग्ने उठली. सिग्नेने दोनदा सूप घेतलं. सिग्नेने मागच्या अंगणातलं कुंपणाचं दार ठोकून बसवलं, जे डेलमरकडून तीन वर्षांत झालं नव्हतं. संध्याकाळी तंबू ठोकताना त्याने हेही वाचून दाखवलं, आणि वाचताना, सिग्नेने हे अचूक टिपलं, तो किंचित ओशाळला.

"मी असते तर ते दार मोडून शेकोटीत घातलं असतं," ती म्हणाली. "तुझ्या बायकोने कुणा भटक्या बाईला घरात घेतलंय. चमचे मोजून ठेव म्हणावं."

"पण ती तुझ्यासारखीच दिसत असेल ना, त्याशिवाय आर्डिस कशी..."

"आर्डिसने मला नीट पाहिलंय कधी?"

डेलमर यावर हसला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती तंबूतून बाहेर आली तेव्हा तो स्टोव्हपाशी बसून कॉफी पीत होता. कप एकच होता. भांड्यात पाणीही एका कपापुरतंच उकळलेलं होतं. हा त्याने उगवलेला सूड आहे असं तिला वाटलं आणि त्याच्याबद्दल प्रथमच किंचित आदरही वाटला. पण तिने आपला कप पुढे केल्यावर तो इतका दचकला, इतक्या घाईने दुसरं पाणी ठेवू लागला, की त्यात सूड नव्हता हे तिला कबूल करावं लागलं. तो खरोखरच विसरला होता.

त्याच्या मांडीवर फोन होता.

"रात्री मोठा निरोप आलाय," तो म्हणाला. "तुकड्या-तुकड्यांनी आलाय."

"वाच. करमणूक होईल."

त्याने घसा खाकरला. *डेलमर, सिग्नेने आज मला सगळं सांगितलं. आई गेली त्या मार्चमध्ये, ती म्हणाली होती तसं घाटात बर्फ नव्हतंच. रस्ता चालू होता. ती नर्सिंग होमपर्यंत आली होती. गाडीत हीटर लावून तासभर बसली आणि खिडकीतून मला आईचे केस विंचरताना पाहून परत गेली. आत यायला भीती वाटली म्हणाली. माझी माफी मागितली. डेलमर, ती रडली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मला वाटतं मला माझी बहीण आत्ता मिळाली.*

स्टोव्हवरचं पाणी उकळू लागलं होतं. ते उतरवायचं कुणालाच सुचलं नाही.

त्या मार्चबद्दल सिग्नेने कुणालाही सांगितलं नव्हतं, पाद्र्यालाही नाही, आणि दारूच्या धुंदीत बोलण्याइतकी ती कधी प्यायलीही नव्हती. गाडीच्या काचेवर जमलेली वाफ तिने बाहीने पुसली होती हेही तिला आठवत होतं, आणि खिडकीतल्या त्या दोघींकडे पाहून मनात जे आलं होतं तेही. भीती नव्हती ती. पिसं उपटलेल्या कोंबडीला कुणी विंचरत बसावं तसं दृश्य दिसतंय, असं तिला वाटलं होतं, आणि तिने गाडी सुरू केली होती. म्हणजे घरात बसलेली ती बाई खोटं बोलत होती. भीती वाटली म्हणे! पण बाकीचं सगळं तिला कसं ठाऊक?

"खरं आहे का हे?" डेलमरने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"मी तुमच्या आईजवळ होतो तेव्हा. ती रोज विचारायची, घाट उघडला का."

त्याने हे रागाने म्हटलं असतं तर सिग्नेकडे उत्तर होतं. तो फक्त तिच्याकडे पाहत होता, औषधांच्या काउंटरपलीकडून डॉक्टरच्या न वाचता येणाऱ्या चिठ्ठीकडे पाहावं तसा.

"सामान आवर," ती म्हणाली. "परत जाऊ. मला बघायचंय ते ध्यान."

येताना वळसा घेऊन आलेली पायवाट तिने सोडली. दगडांच्या उतारावरून थेट खाली गेलं तर पाच मैल वाचत होते. हा उतार तिने सत्त्याऐंशी साली स्वतः मोजला होता. डेलमर म्हणाला, पायवाटेने जाऊ. ती म्हणाली, तू जा, तुझ्या डबड्याला विचारत विचारत जा. गाडीएवढाले दगड एकमेकांवर रेलून पडले होते आणि ती त्यांच्यावरून चाळिशीतल्या बाईसारखी उड्या टाकत चालली होती. मागून अधूनमधून किणकिण ऐकू येत होती. एकदा तिने वळून पाहिलं तर डेलमर उभा राहून वाचत होता आणि हसत होता. तिच्या टोल्यांवर हसायचा तसं नव्हे. चाळीस वर्षांत हे हसू तिने पाहिलं नव्हतं.

"काय म्हणते?" तिने ओरडून विचारलं.

"काही नाही. दोघी मिळून गोड 'पाय' भाजतायत. रूबार्बच्या आंबट देठांचा. सिग्ने म्हणते, डेलमर येईपर्यंत कापायचा नाही."

हे ऐकत असताना तिने पाय टाकला तो दगड डुगडुगला. पडल्याचं तिला नंतर कळलं. आधी ऐकू आला तो आवाज, ओली फांदी मोडावी तसा. डावा पाय दोन दगडांच्या मधे अडकला होता आणि बुटाचं टोक भलत्याच दिशेला वळलं होतं.

डेलमर आला. त्याने जे करायचं ते सगळं नीट केलं. पाय सोडवला, त्याला आधार म्हणून तंबूच्या काठ्या बांधल्या, तिच्या डोक्याखाली पिशवी दिली. मग यंत्राच्या बाजूचं झाकण उघडून आतलं बटण दाबून धरलं. सिग्नेने डोळे मिटून घेतले. बेचव पाण्याच्या त्या इसमाची गोष्ट आता तिला कुणालाच सांगता येणार नव्हती.

मदत केंद्राचं उत्तर पाच मिनिटांत आलं. किती माणसं आहात, कोण जखमी आहे, शुद्धीवर आहे का, नाव काय. डेलमर लिहू लागला आणि थांबला, कारण त्याच वेळी आर्डिसचाही निरोप आला होता. सिग्नेने हात लांबवून फोन आपल्याकडे ओढला. त्याने विरोध केला नाही.

*केंद्रातून फोन आला. काय झालं? ते म्हणतात तू कुणा जखमीबरोबर आहेस. सिग्ने इथे माझ्याजवळ उभी आहे, फार घाबरली आहे तुझ्यासाठी. डेलमर, तुझ्याबरोबर कोण आहे?*

"माझं नाव लिही," सिग्ने म्हणाली. वेदनेने तिचा आवाज बारीक झाला होता. "डेलमर, मी आहे. लिही, सिग्ने आहे म्हणून."

डेलमरने फोन हळूच तिच्या हातातून सोडवून घेतला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, घाई न करता, कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि पुन्हा वर, आणि त्याच्या नजरेत ना राग होता ना भीती. होती ती जाणाऱ्या-येणाऱ्याबद्दल चांगल्या माणसाला वाटते तेवढी कणव. तो लिहू लागला. त्याने लपवलं नाही. ती पाहत असतानाच एकेक अक्षर उमटत गेलं. *आम्ही दोघं. मी ठीक आहे. जखमी एक बाई, वय साठीच्या पुढे, घोटा मोडला आहे, शुद्धीवर आहे. नाव माहीत नाही. वाटेत भेटली.*

निरोप वर गेला. यंत्र किणकिणलं.

त्याने अंगातलं जाड जॅकेट काढलं, तिच्या अंगावर घातलं आणि कडा नीट खोचल्या. पाण्याची बाटली तिच्या हाताशी ठेवली. मग शेजारच्या दगडावर बसून फोन पुन्हा हातात घेतला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "तासाभरात येतील ते. तोवर, तुमचं कुणी असेल तर सांगा, मी कळवतो त्यांना."