बाळकृष्णराव रडत नाहीत

ओसरीवरच्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते. अंगणात उकिडवे बसलेले तमिळ कुळवाडी मराठीचा एक शब्द न समजता उपरण्याने नाक पुसत होते. मृदंगावर बसलेला रामस्वामी गेली वीस-पंचवीस वर्षं हेच पद ऐकत आला होता, तरी त्यानेही मान खाली घातली होती. शेषगिरीबुवांचं लक्ष मात्र एकाच माणसाकडे होतं. बाळकृष्णराव खांबाला टेकून बसले होते आणि त्यांचे डोळे चैत्रातल्या कालव्यासारखे कोरडे ठणठणीत होते.

बुवांनी चिपळ्या थांबवल्या, आवाज अगदी खाली आणला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

सांग नावाड्या, सांग रे मजला,
माझे लेकरू उतरले का पैल?
हाती त्याच्या होती दशमी दुधाची,
पोटीची भूक त्याची तुजला काय कळेल?

आतल्या खोलीतून रावांच्या सुनेचा हुंदका ऐकू आला. रावांनी पायावर बसलेला डास मारला, हात धोतराला पुसला आणि पुन्हा समोर पाहू लागले.

बुवांच्या अंगाचा तिळपापड झाला. आरती कशीबशी उरकून ते ओसरीवर आले. बाळकृष्णरावांची थोरली लेक राजम पाण्याचा लोटा घेऊन उभी होती. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"नाही ना?" तिने हळूच विचारलं.

"पाहिलंस की तू," बुवा म्हणाले. "सगळं गाव रडलं. तुझे अप्पा डास मारत बसले."

"उद्या परत म्हणा, बुवा. उद्या होईल."

बुवांनी लोटा तोंडाला लावला, म्हणून बरं. नाहीतर तोंडातून काय निघालं असतं ते त्यांनाच ठाऊक.

तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत शेषगिरीबुवांचं घर होतं. पण घर शोधायचं तर त्यांचं नाव विचारून भागत नसे, 'रडवे बुवा' म्हणावं लागे. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते कळलं असतं तर बुवांनी त्याच्या डोक्यात चिपळ्या घातल्या असत्या. गुरूने त्यांना राग शिकवले होते, ताल शिकवले होते, सबंध आख्यानं शिकवली होती, आणि शेवटी नदीकाठच्या त्या आईचं हे पद आपल्या हाताने बांधून दिलं होतं. लोकांनी बाकीचं सगळं टाकून तेवढं एक पद उचललं. बुवा कोठेही कथेला उभे राहोत, पूर्वरंगात माणसं पान लावत बसायची, सुपारी कातरायची, सोयरिकी जुळवायची. 'नावाडी' सुरू झालं की पदर सरसावून तयार. रडून झालं की हलकी होऊन घरी. लोकांना आपण एरंडेल तेलासारखे वाटतो, असं बुवा बायकोला म्हणत. वर्षातून एकदा घेतलं की पोट साफ.

कुंभकोणच्या सभेत तर कहर झाला होता. त्या दिवशी बुवांनी मनाशी ठरवून तोडी आळवायला घेतली होती. सूर असा लागला होता की त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. आणि ऐन भरात पुढच्या ओळीतला एक वकील घड्याळ काढून म्हणाला, "बुवा, गाडीची वेळ होते. नावाडी होऊ द्या की!" सभा हसली. बुवांनी तोडी तिथेच सोडली आणि नावाडी म्हटलं. हसणारी सगळी माणसं रडली.

अशा माणसाच्या दारी राजम येऊन उभी राहिली होती. ओरत्तनाडूच्या अलीकडे तिच्या वडिलांची मोठी शेती होती. भाऊ सेतुमाधव डॉक्टर झाला, सरकारी लढाईत पलटणीबरोबर जहाजातून बसऱ्याला गेला आणि तिथेच पटकीने वारला. देह नाही, राख नाही. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. बाळकृष्णरावांनी सगळं विधिपूर्वक केलं, भटजींचा एक मंत्र चुकला तोही दुरुस्त करायला लावला. मग येऊन खांबाला टेकून बसले ते बसलेच. बोलणं नाही, शेताकडे जाणं नाही. पानावर बसत नाहीत, कुणी फारच आग्रह केला तर वाटीभर ताक घेतात.

"वैद्य म्हणतात, पाणी आतच साठलंय, ते बाहेर आलं पाहिजे," राजम सांगत होती. "नाही आलं तर अप्पा वाचायचे नाहीत. म्हणून तुम्हांस बोलवायला आले. तुमच्या पदाने दगडही रडतो म्हणतात की."

"मी काय कांदा आहे?" बुवा उसळले. "आणि वर्ष उलटलं नाही, सुतकाच्या घरी गाणं करवता?"

"गाणं नव्हे, बुवा. औषध म्हणून."

पुन्हा औषध! बुवा नाही म्हणणार होते. पण त्यांची बायको मंगला दाराआडून म्हणाली, "जन्मभर ज्यांना रडायचं निमित्त नव्हतं त्यांना रडवलंत. ज्याला गरज आहे त्याच्याकडे जायला काय होतं?" बुवांनी रामस्वामीला निरोप धाडला आणि बैलगाडीत तंबोरा चढवला.

आणि आता हे असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बुवा खोलीत येरझारा घालत होते. जन्मभर लोक रडतात म्हणून चिडलेला माणूस आता एक माणूस रडत नाही म्हणून चिडला होता. ते त्यांचं त्यांना कळत होतं, त्यामुळे चीड आणखीच वाढत होती. दुपारी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, गावातली चार माणसं बोलत होती ती खिडकीतून ऐकू येत होती. एकजण म्हणाला, "बुवांचं वय झालं की. पूर्वीचा आवाज राहिला नाही." दुसरा म्हणाला, "तसं नव्हे, रावच घट्ट. लेकरू गेल्याचं कळलं त्या दिवशीही कालव्याचं दार बंद केलं का म्हणून विचारत होते."

रामस्वामी मृदंगाला शाई लावत होता. तो म्हणाला, "पोदुम, बुवा. पुरे. उद्या सकाळी गाडी जुंपून घरी जाऊ. एखादा माणूस असतो तसा."

"तसा असतो म्हणजे कसा असतो?"

"त्याचं दुःख त्याचंच असतं. त्याला ते तुमच्या पदात घालायचं नसतं."

"तू मृदंग वाजव," बुवा म्हणाले.

दिवेलागणीला पुन्हा सगळे जमले. कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. शेजारच्या गावाहूनही आली होती, कारण आता ही कथा राहिली नव्हती, कुस्ती झाली होती. बाळकृष्णराव त्याच खांबाला टेकून बसले होते.

बुवांनी जे जे येत होतं ते सगळं काढलं. त्या आईने पोराची कुंची कशी शिवली ते सांगितलं. नदीला पूर कसा आला, पोर हट्टाने नावेत कसं बसलं, नाव धुक्यात कशी दिसेनाशी झाली, सगळं संथपणे, एकेक शब्द ठेवत ठेवत सांगितलं. 'नावाडी' सुरू केलं आणि मध्येच मागे तंबोरा धरून बसलेल्या गावातल्या पोराला थांबायची खूण केली. नुसत्या गळ्यावर ओळ म्हटली. ही त्यांची हुकमी जागा होती. अंगणात एक म्हातारी मोठ्याने रडू लागली. एका कुळवाड्याने पोराला पोटाशी धरलं.

राव बघत होते. डोळ्यांत राग नव्हता, कंटाळा नव्हता. आलेल्या पाहुण्याचं ऐकून घ्यावं तसे ते ऐकून घेत होते.

बुवांच्या मस्तकात काहीतरी तडकलं. रड ना, रे बाबा! एकदा रड, म्हणजे मी सुटेन! त्यांनी तिसरी ओळ घेतली. ह्या ओळीवर सूर वर चढतो, तारस्थायीच्या पंचमावर जाऊन थांबतो. गुरूने बजावलं होतं की इथे बळ करायचं नाही, सूर आपोआप उचलला जातो. बुवांनी बळ केलं. रावांच्या छातीवर धडक द्यावी तसा तो सूर त्यांनी वर फेकला.

आणि तो फाटला.

फडकं फाटावं तसा आवाज झाला. रामस्वामीचे हात सवयीने दोन बोल पुढे गेले आणि थांबले. बुवांनी घसा खाकरला, पुन्हा तिथेच हात घातला. ह्या खेपेला सूर निघालाच नाही, नुसती हवा आली. माणसं रडायची थांबली. तिसऱ्यांदा बुवांनी तोंड उघडलं तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"पुरे," कुणीतरी म्हणालं. "बळ करू नका."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाळकृष्णराव बोलले होते. इतक्या दिवसांत आवाज न वापरल्याने तोही बसलेलाच होता. ते खांबाला धरून उठले, जरा डगमगले, सावरले आणि म्हणाले, "राजम, बुवांना पाणी. कोमट आण." मग अंगणाकडे पाहून म्हणाले, "कथा झाली. घरी जा."

माणसं उठली. जाता जाता कुजबुजत होती. राव बुवांच्या शेजारी जाजमावर येऊन बसले. बुवा चिपळ्या मुठीत आवळून जमिनीकडे पाहत होते. राजमने पाणी आणलं, ते बुवा प्यायले. घशात काटा असावा तसं ते उतरलं.

"पूर्वी कधी झालं होतं असं?" रावांनी विचारलं.

बुवांनी मान हलवली. नाही.

"परत येईल?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर बुवांनी सांगितलं असतं, येईल की, ज्येष्ठमधाचा काढा घेतला की येईल. गवयाने असंच सांगायचं असतं. पण हा माणूस उगाच धीर देत नव्हता आणि उगाच घेणाराही नव्हता.

"नाही," बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वर्षभर तो सूर हलत होता. मी कुणाला सांगितलं नाही. ह्या वयात गेलेला सूर येत नाही."

"हं," राव म्हणाले.

दिव्यावर किडे येत होते. आत कुणीतरी भांडी हलवत होतं.

"मग आता काय करणार?"

"ठाऊक नाही."

"मजलाही ठाऊक नाही," बाळकृष्णराव म्हणाले. "माणसं येतात, सांगतात, रडा म्हणजे बरं वाटेल. बरं कशाला वाटायला पाहिजे, ते कुणी सांगत नाही."

बुवांना स्वतःचाच राग येत होता. सूर गेला म्हणून, बळ केलं म्हणून, आणि ह्या माणसाचं दुःख तीन ओळींत बाहेर काढू अशी घमेंड धरली म्हणून. राग जाईल असा कुठलाच मार्ग दिसत नव्हता. रडावंसं वाटलं, पण लोकांना रडवता रडवता ती कला त्यांच्या स्वतःपाशी उरली नव्हती.

"जेवलात?" रावांनी विचारलं.

"कथेच्या आधी मी जेवत नाही."

"मग उठा. पाहुणा उपाशी ठेवण्याची आमच्या घरी रीत नाही."

बुवा उठले. रामस्वामी आधीच कुळवाड्यांबरोबर बाहेर गेला होता. माजघरात राजमने एक पान मांडलं. रावांनी पाहिलं आणि म्हणाले, "एकच? बुवांनी एकट्याने जेवायचं काय?"

राजमच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. तिने घाईने दुसरं पान मांडलं. पाणी फिरवलं, भात वाढला, वर सार वाढलं. सार पानाबाहेर ओघळलं. दाराआड सून येऊन उभी राहिली होती.

राव पानापुढे बसून भाताकडे पाहत राहिले.

"तुम्ही घ्या आधी," ते बुवांना म्हणाले.

बुवांना भूक नव्हती. घसा पेटला होता. त्यांनी भात कालवला, लहानसा घास केला आणि तोंडात घातला. तो गिळताना डोळ्यांपुढे चांदण्या चमकल्या. रावांनी तो घास उतरेपर्यंत पाहिलं. मग स्वतःचा भात कालवला आणि एक घास घेतला.

बुवांनी दुसरा घास घेतला. रावांनीही घेतला. बुवा जरा थांबले, तर रावांचा हातही पानावर थांबला. तेव्हा बुवांच्या ध्यानात आलं. त्यांनी मुकाट्याने पुढचा घास उचलला.

बाहेर तिण्णैवर दोन बायका अजून रेंगाळल्या होत्या. त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. "एवढं नाव ऐकलं होतं, अय्यो! एक थेंब आला नाही रावांच्या डोळ्यांतून."

"येईल कसा? बुवांचा गळाच गेला की."

बुवांचे कान तापले. उठून बाहेर जावं आणि त्यांना चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण चार शब्दांपुरताही आवाज शिल्लक नव्हता, आणि शेजारी राव सार ओरपत होते.

बुवांचं पान संपत आलं. रावांच्या पानावर अजून अर्धा भात होता.

"आणिक भात, बुवा?" राजमने विचारलं.

बुवांना घास उतरत नव्हता. त्यांनी रावांच्या पानाकडे पाहिलं, आपलं पान थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "वाढ."