शिंपीणकाकूंचा लॅपटॉप

"बघ, बघ, तुझ्याकडे आला की कसा साळसूदपणाचा आव आणतो! घरी नुसता छळ मांडलाय मेल्याने."

शिंपीणकाकूंनी काउंटरवरच्या लॅपटॉपकडे रागाने पाहिलं. तो बिचारा आदल्या सकाळपासून चालू होता. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या मशीनवाल्याने त्याच्यावर एक जुना रडका सिनेमा लावून दिला होता आणि संपला की पुन्हा पहिल्यापासून लावत होता. नायिका मरून मरून थकली, पण लॅपटॉप काही बंद पडला नाही.

"काकू, पंखा साफ केला, बॅटरी बदलून बघितली, चार्जरही दुसरा लावला. मशीन ठणठणीत आहे."

"ठणठणीत? मग मी काय खोटं बोलते? धडा सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटं जातात आणि फट्! काळाठिक्कर पडदा. तिकडे मॅडम हॅलो हॅलो करत बसतात. आणि ह्यांचा चेहरा असा होतो ना..."

पुढचं काकूंना बोलवेना. ही गोष्ट दुर्मीळच, म्हणून मशीनवाल्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

काका जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. उंच इमारतींच्या त्या अरुंद भुयारांत दोरांना लोंबकळत काम केलेला माणूस, आणि एके दिवशी घरात दाढी करता करता खाली बसला तो उजवा हात आणि बोलणं गमावूनच उठला. आता हात थोडा थोडा वळायला लागला होता. शब्द मात्र घशापर्यंत येऊन मागे फिरत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जे काय यायचं ते या पहिल्या वर्षात येईल, सराव मोडू देऊ नका. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम दुसऱ्या गावी, म्हणून मुलीने आपला लॅपटॉप आईबापांकडे ठेवला आणि दुपारचे धडे सुरू झाले. पण धडा रोज अर्ध्यावर तुटायला लागल्यावर परवा मॅडमनीच विचारलं, "जमत नसेल तर तुमची वेळ दुसऱ्या कुणाला देऊ का? बरेच जण थांबलेत." तेव्हापासून काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"घरी येऊन बघतो," मशीनवाला म्हणाला. "इथे पडत नाही आणि तिथे पडतो म्हणजे बिघाड तिथेच कुठेतरी आहे."

"ये बाबा, ये. तुझे शाळेचे गणवेश मी शिवलेत. तेवढ्यावर तरी ये."

"त्या चड्ड्या घट्ट व्हायच्या, काकू."

"तू होतास ढोला. कापडाचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पुढची खोली म्हणजे काकूंचं दुकानच. शिलाई मशीन, चिंध्यांचं गाठोडं, दोरीवर लटकलेले बिनबाह्यांचे झगे. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलापाशी काका. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला. धडा असला की काकू त्यांना लग्नाला निघाल्यासारखं तयार करायच्या. मशीनवाल्याला बघून काकांनी डावा हात वर केला, तोंड उघडलं.

"ये ये म्हणतायत," काकू म्हणाल्या. "बस. पंखा लावू का? लाव म्हणतायत."

काकांनी तोंड मिटलं.

मशीनवाल्याची कामाची एकच रीत होती आणि ती तो सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवायचा. संशय कुणावरही घ्यायचा नाही, एकेक वस्तू बाजूला काढायची, आणि जी काढल्यावर दुखणं थांबतं ती गुन्हेगार. त्याने आधी लॅपटॉपखालचा विणलेला रुमाल काढला. तो काकूंनीच विणला होता, त्यामुळे त्या जरा फुगल्या. मग भिंतीतला प्लग बदलला. मग धडा सुरू झाला.

पडद्यावर मॅडम आल्या. तरुण, हसऱ्या, गळ्यात चष्मा. त्यांनी एक चित्र दाखवलं. काकांनी श्वास घेतला. "च... च..."

"चमचा!" काकू म्हणाल्या. "येतं हो त्यांना. रोज तोच तर वापरतात."

"छान," मॅडम म्हणाल्या, पण कुणाला ते काही कळलं नाही. दुसरं चित्र. काकांच्या कपाळावरची शीर फुगली. "छ... छ..."

"छत्री! अहो म्हणा ना, छत्री. सोप्पं तर आहे."

तिसऱ्या चित्राला काकांनी ओठ जुळवले आणि काकू पडद्याकडे वाकून म्हणाल्या, "मॅडम, ही उशी ना? आमच्या ह्यांना उशीशिवाय झोप..."

फट्. पडदा काळा.

"बघितलंस! बघितलंस!" काकू उठूनच उभ्या राहिल्या. "आता तरी पटलं का? मी काय मुद्दाम सांगत होते?"

काका खिडकीबाहेर बघत होते. मशीनवाला काकांकडे बघत होता. त्याने पुन्हा लॅपटॉप चालू केला, चार्जर काढून टाकला, ऊन नको म्हणून खिडकीचा पडदा ओढला. धडा परत जोडला. थोड्या वेळाने परत तेच. मग त्याने घसा साफ केला.

"काकू, आता एकच वस्तू राहिली."

"मग काढ की. वाट कसली बघतोस?"

"तुम्ही बाहेर बसा."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी? मी काय वायर आहे? अरे, मी नसले तर ह्यांना कोण सांभाळणार? ह्यांना काय हवं ते कुणाला कळणार?"

"रीत आहे, काकू. सगळं काढून बघावं लागतं. माझ्या चड्ड्यांची शपथ."

पुटपुटत काकू पुढच्या खोलीत गेल्या. शिलाईला बसल्या, पण पायाला चाक फिरवायचा धीर होईना. आतून मॅडमचा आवाज, मग शांतता. मग काहीतरी तुटकं. परत शांतता. पाच मिनिटं गेली, दहा गेली, काकूंनी सुईत दोरा ओवला तो दुसऱ्या टोकाने बाहेर पडला तरी कळलं नाही. घड्याळात पाऊण तास उलटला तेव्हा आतून मॅडम म्हणाल्या, "आज पहिल्यांदा पूर्ण झाला हं धडा!"

मशीनवाला आपली पिशवी घेऊन बाहेर आला. काकूंकडे न बघता चपला शोधायला लागला.

"म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"मशीनमध्ये काही नाही."

"मग बटण कोण दाबतं?"

"मी मशीनचा माणूस आहे, काकू." एवढं बोलून तो जिना उतरून गेला. पैसे त्याने मागितले नाहीत, काकूंनीही दिले नाहीत.

काकू तरातरा आत गेल्या. काका टेबलापाशी तसेच बसले होते आणि त्यांचा डावा हात लॅपटॉपच्या कोपऱ्यावर, चालू-बंदच्या बटणापाशी होता. त्याच कोपऱ्यावर तो रोज असायचा. काकूंना वाटायचं, आधाराला ठेवलाय. जन्मभर लिफ्टमध्ये त्यांनी हेच केलं होतं. काही बिनसलं की आधी सगळं थांबवायचं, मग बघायचं.

"तुम्ही? तुम्ही बंद करत होतात? आणि मी वेड्यासारखी त्या दुकानाच्या पायऱ्या झिजवते! अहो, मी बसलेली नको होते तर तोंडाने सांगता येत नव्हतं?"

बोलून गेल्या आणि काकूंनी जीभ चावली. फार उशिरा. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, रागाने नाही, वाकड्या झालेल्या ओठांनी जमेल तितकं हसून. त्यांनी दोन्ही खांदे उचलले. काकू खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या. त्यांना रडताना शब्द लागत नसत, एवढं एक बरं होतं. काकांनी कोपऱ्यावरचा हात काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. "अ... अगं," ते म्हणाले. काकूंच्या तोंडी पुढचं आलं होतं, रडू नकोस म्हणताय ना. त्यांनी ते गिळलं. पुढचं काही आलं नाही, आणि तेही चाललं.

त्यानंतर धड्याच्या वेळी काकू पुढच्या खोलीत बसायला लागल्या. मधलं दार उघडं, कारण तेवढं तरी हवंच. शिलाई मशीन बंद, कारण आवाज होतो. हातशिलाई करायची, आणि तोंडात दोऱ्याचं टोक धरायचं. दोरा धरला की बोलता येत नाही, हा शोध त्यांचा स्वतःचा. सुरुवातीला भारी जड गेलं. आत "ब... ब..." व्हायचं आणि बाहेर काकू बादली, बशी, बकरी अशा सगळ्या शब्दांवर दात आवळायच्या. शेजारीण सांगते, त्या दिवसांत दाराकडे कान लावून लावून काकूंची मान उजवीकडे कलली होती. पण लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. मॅडमनी वेळ दुसऱ्या कुणाला दिली नाही. चित्रांची नावं सरली, आता चित्र बघून मनातलं काहीही सांगायचं, असा धडा सुरू झाला.

एका दुपारी मॅडम म्हणाल्या, "हे चित्र बघा. तळं आहे, होडी आहे. सांगा काही."

बाहेर काकूंचा चेहरा खुलला. होडी! दर सुट्टीत गावाबाहेरच्या तळ्यावर जायचे ते. काकू तिकिटं काढायच्या आणि काकांना अगदी पुढच्या फळीवर बसवायच्या, कारण ह्यांना होडीत फार मजा वाटते, हे त्या साऱ्या जगाला सांगत आल्या होत्या. आता ते हेच म्हणणार. काकूंनी दोरा घट्ट धरला.

"मला," काका म्हणाले. बराच वेळ गेला. "मला... भी... भीती वाटते."

"होडीची?"

"पाण्याची. पो... पोहता... नाही." श्वास. "लहान... लहानपणापासून."

काकूंच्या हातातली शिलाई थांबली. त्यांना ती पुढची फळी आठवली. दोन्ही हातांनी कडा पकडून ताठ बसलेले काका, आणि मागून ओरडणाऱ्या त्या स्वतः, बघा कसे राजासारखे बसलेत! इतकी वर्षं. इतक्या सुट्ट्या.

"मग तुम्ही होडीत कधी बसलाच नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"बसलो. दर... दर वर्षी."

"अहो, भीती वाटायची तर कशाला बसायचात?"

काकूंच्या तोंडातून दोरा कधीच गळून पडला होता. आता त्या बोलू शकत होत्या, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच ह्यांच्या मनात काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या उठल्या आणि उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. काकांची पाठ त्यांच्याकडे होती, मान थोडी पुढे झुकलेली, शब्द शोधणारी. मॅडम थांबल्या होत्या. काकूही थांबल्या.

"तिला," काका म्हणाले. "तिला... आवडतं."