डांबरमामांच्या गच्च्या

ऐन स्पर्धेच्या दिवशी सकाळी नवऱ्याचा पाय मुरगळला. तोही कुठे, तर बाथरूममध्ये! सुनेने आधी त्याच्या पायाला बर्फ लावला, मग मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या आणि मग डोक्याला हात लावून बसली. टीम तीन जणांचीच हवी, नाहीतर नाव बाद, असा नियम होता. घरात उरलं कोण? सासूबाईंना पळापळ झेपायची नाही. म्हणजे ती स्वतः, धाकटा दीर आणि सासरे.

"मी येतो की," सासरे म्हणाले. जसं काही भाजी आणायलाच निघालेत.

आता या सासऱ्यांना अख्खं गाव डांबरमामा म्हणतं. चाळीस वर्षं गळक्या गच्च्या दुरुस्त करण्यात गेली. अंगाला डांबराचा वास असा मुरलेला, की साबणाने हात टेकले. दिराला घरात होकायंत्र म्हणतात, कारण लहानपणी तो कोपऱ्यावरच्या दुकानात जायला निघाला होता आणि संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला सापडला. एकाला रस्ता कळत नाही, दुसऱ्याला फोटोतलं ओ की ठो कळत नाही. अशी ही फौज घेऊन तिला जिंकायचं होतं.

आणि जिंकायचं होतंच. सहा वर्षं ती लग्नाच्या हॉलवरून ड्रोन उडवत होती. घरात त्या ड्रोनला 'घार' म्हणत. सहा वर्षांत त्या घारीने वरून काय टिपलं असेल, तर सजवलेल्या गाड्या आणि वऱ्हाडातली टकलं. आता नव्या बसस्थानकात तीस फुटांची भिंत मोकळी होती. त्या भिंतीवर गावाचं वरून काढलेलं भलंमोठं चित्र लागणार होतं, खाली काढणाऱ्याचं नाव. ही स्पर्धा जिंकेल त्याला ते काम. ती दोनदा जाऊन भिंतीपुढे नुसती उभी राहून आली होती. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

वाचनालयाने घेतलेला खेळ तसा सोपा होता. लपवलेल्या डब्या शोधायच्या. एरवी अशा खेळात डबीचा पत्ता जीपीएसच्या आकड्यांत देतात. इथे आकडे नाहीत, फक्त सरळ वरून काढलेला एक फोटो. तो बघून गच्ची ओळखायची, तिथे जायचं, डबीतल्या वहीत टीमचं नाव लिहायचं. मग तिघांनी त्याच गच्चीवर आडवं होऊन, हाताला लागेल ते मांडून एक चित्र जुळवायचं, आपल्या ड्रोनने वरून टिपायचं आणि डबीतला पुढचा फोटो घेऊन निघायचं. पाच डब्या. पाच चित्रं जो आधी आणेल तो जिंकला.

सासरे आले ते कामाची विजार आणि गुडघ्याला बांधायच्या गाद्या घालून. बाकीच्या पाच टीमा एकसारख्या टी-शर्टात. खोटं कशाला बोला, तिला लाजच वाटली.

पहिला फोटो हातात आला. राखाडी चौकोन, त्याला लागून चौकोन, मधे काळे ठिपके. सासऱ्यांनी तो उलटा धरला.

"हे काय, फरशी आहे का?"

"बाबा, तुम्ही आकाशात आहात आणि सरळ खाली बघताय, असं समजा."

सासरे फुटपाथवर बसले. फोटो गुडघ्यावर पसरला आणि त्यावरून बोट फिरवायला लागले. जिमवाल्यांची टीम त्यांच्या अंगावरून उडी मारून पळाली. सून रडकुंडीला आली होती.

"अरेच्चा!" सासरे म्हणाले. "ही तर दातांच्या डॉक्टरीणबाईंची गच्ची. हे बुटाच्या आकाराचं ठिगळ बघ. दुपारची वेळ, डांबर ओलं, आणि हा मूर्खासारखा वर पाय देऊन उभा." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि ही शेजारची टाकी तिरकी आहे. त्यांना तेव्हाच सांगितलं होतं."

होकायंत्राने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "वहिनी, बाबांना सगळ्या येतात!"

सगळ्या येत होत्या. दुसरा फोटो त्यांनी चालता चालता ओळखला, तिसरा तर नुसता तिरक्या नजरेने. डॉक्टरीणबाईंच्या गच्चीवर सासरे आणि दीर घड्याळाचे काटे झाले, रिमोट पोटाशी धरून सून सेकंदकाटा. दुसरीकडे कात्री झाली, तिसरीकडे सासरे किटलीची चोच होऊन इतका वेळ हसले की फोटो दोनदा काढावा लागला. सून रिमोटच्या पडद्यावर हे सगळं वरून बघत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. या माणसाने चाळीस वर्षं प्रत्येक गच्ची गुडघ्यावर रांगत, नाकापासून वीतभर अंतरावरून पाहिली. अख्खी गच्ची एकदम कधीच नाही. तरी ती तुकड्या-तुकड्याने डोक्यात जोडून ठेवलेली. आपण त्याच गावावरून सहा वर्षं उडतोय आणि आपल्याला नुसते चौकोन दिसतात. तिला हेवा वाटला, आणि सकाळी लाज वाटल्याची लाज वाटली.

चौथ्या डबीपर्यंत ते सगळ्यांच्या पुढे होते. सुनेला डोळ्यांसमोर भिंत दिसायला लागली होती.

पाचवा फोटो हातात घेतला आणि सासरे होते तिथेच खाली बसले.

"ओळखली नाही का बाबा?"

"ओळखली. बंद छापखाना."

पण उठेनात. फोटोत गच्चीच्या मधोमध काळी वर्तुळं होती, एकात एक, टेबलावर कपाचे डाग पडतात तशी.

"हे काय आहे? सावली?" त्यांनी विचारलं.

"असेल काहीतरी," सून म्हणाली. "चला ना, जिमवाले मागेच आहेत."

"तुझी घार आधी वर पाठव," सासरे म्हणाले. आवाज असा की तिने पुढे विचारलंच नाही.

छापखान्याच्या दारात वाचनालयाचा कारकून खुर्ची टाकून बसला होता. तिने रस्त्यावरूनच ड्रोन उडवला. पडद्यावर गच्ची आली. काळपट हिरवे डाग, आणि कोपऱ्यात पाणी जायचं तोंड, त्याच्याभोवती डांबराचा जाड उंचवटा. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि परत लावला.

"अजून खाली घे." तिने घेतला. त्यांनी कोपऱ्यातल्या तोंडावर बोट ठेवलं. मग आत जाऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गुडघे फाकवून बसले. "कुणी वर जायचं नाही."

"बाबा! असं काय करताय? पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"मी एकटी जाते. मी हलकी आहे. डबीतलं नाव तरी लिहून येते."

"पोरी, नाही म्हटलं ना."

तेवढ्यात जिमवाले धापा टाकत आले. त्यांच्या दांडगट म्होरक्याला वाटलं, म्हातारा वाट अडवून डाव खेळतोय. कारकूनही हसला. "मामा, सकाळी मी स्वतः वर डबी ठेवून आलोय."

"कुठे ठेवलीस?"

"दाराशीच."

"मधे गेलास?"

"नाही, पण..."

म्होरक्याचा पाय तोवर मामांना कडेने ओलांडून पाचव्या पायरीवर पडला होता. सासरे उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले.

"ही गच्ची मी केलीय. अकरा वर्षांपूर्वी. आणि चुकीची केलीय. त्या तोंडापाशी गळत होतं, म्हणून मी डांबराचे थरावर थर चढवले. तिथली गळती थांबली, मी खूश. पण तोंड दोन बोटं उंच झालं, ते मला कळलंच नाही. मग पाणी जाणार कुठून? मधे साचत राहिलं आणि स्लॅबमध्ये मुरत राहिलं. पुढे उन्हाळ्यात येऊन मी बघितलं तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत. आज वरून बघितलं तेव्हा साचल्या पाण्याची ती वर्तुळं दिसली. आतल्या सळ्या सडल्या असणार. सहा टीमांची अठरा माणसं मधे आडवी झाली, तर सगळी खाली येतील."

मग म्होरक्या हळूच म्हणाला, "मामा, आमच्या घराची गच्चीपण तुम्हीच केलीत ना?"

"हो," सासरे म्हणाले.

कारकुनाने किल्ली काढून खालचा हॉल उघडला. उंबऱ्यातूनच सगळ्यांनी वर पाहिलं. छताला मधोमध पोट सुटलं होतं. गिलाव्याचे पोपडे जमिनीवर पडले होते आणि जिथून ते सुटले तिथे गंजून तांबूस झालेल्या सळ्या बाहेर आल्या होत्या. कारकून उंबऱ्यापासून मागे सरकला. "आई गं! मी सकाळी डबी मधोमधच ठेवणार होतो."

त्याने नगरपालिकेला कळवलं, मग ग्रंथपालबाईंना. बाईंचा निर्णय लगेच आला. पाचवी डबी रद्द, आता पाचवं चित्र शाळेच्या मैदानावर. जिमवाले सुसाट सुटले.

"वहिनी, पळा!" दीर ओरडला.

"तुम्ही दोघं व्हा पुढे," सासरे म्हणाले. "नगरपालिकेचा इंजिनिअर येईपर्यंत मी हे दार सोडणार नाही. मागून चार टीमा यायच्यात."

दोघं जाऊन काय उपयोग? टीम तिघांची. आणि इथे थांबायला कारकून होता की! तिने त्यांना तसं म्हटलंसुद्धा.

"त्याचं कोण ऐकेल?" सासरे म्हणाले. "चूक माझी आहे. सांगायचं मलाच."

तिला रडू फुटलं. सासऱ्यांचा राग, नवऱ्याच्या पायाचा राग, त्या एकसारख्या टी-शर्टांचाही राग. ती भिंत तिला हवी होती हो, मनापासून हवी होती. ती पाठ फिरवून रस्त्याकडे बघत डोळे पुसत राहिली.

मागे एक टीम आली. "ही गच्ची मी केलीय," सासऱ्यांनी सुरुवात केली, "आणि चुकीची केलीय." सगळं पहिल्यापासून. मग दुसरी टीम आली, मग तिसरी. कुणाला नुसतं 'छत धोक्याचं आहे' म्हणून वाटेला लावता आलं असतं. कारकून तर कानात तसं सुचवतही होता. पण नाही. 'चुकीची' हा शब्द त्यांनी एकदाही गाळला नाही. ऐकणाऱ्यांत त्यांची गिऱ्हाइकं होती, गिऱ्हाइकांची मुलं होती. चौथी टीम आली तेव्हा सुनेने घारीचे पंख मिटले, डोळे कोरडे केले आणि सासऱ्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता तिला फक्त अभिमान वाटत होता.

भिंत जिमवाल्यांना मिळाली. त्यांचं शेवटचं चित्र बरं होतं, हे तिने कबूल केलं, पण दात ओठ खाऊनच.

संध्याकाळी सासूबाईंनी ताट वाढता वाढता तोफ डागली. "गावभर स्वतःच्या तोंडाने सांगून आलात! आता कोण बोलावणार तुम्हाला?"

सासरे भात चिवडत बसले. नवऱ्याने उशीवरचा पाय हलवून सुनेला खूण केली, काहीतरी बोल म्हणून. तिने आमटीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. मग सासऱ्यांनीच मान वर केली.

"सूनबाई, तुझ्या घारीची बॅटरी किती वेळ चालते?"

"पंचवीस मिनिटं. चार बॅटऱ्या आहेत."

"मग उद्यापासून रोज थोड्या थोड्या करू. मी केलेल्या सगळ्या गच्च्या. मला वरून बघायच्यात."

"सगळ्या म्हणजे?"

"पहिलीपासून."

"बाबा, अख्खं गाव होईल," होकायंत्र म्हणाला.

"होऊ दे."

सून उठली. चारही बॅटऱ्या तिने चार्जिंगला लावल्या.

सकाळी सासरे धुतलेली विजार घालून एका निवृत्त नर्सबाईंच्या दारात उभे होते. त्यांनी आयुष्यात केलेली पहिली गच्ची याच घराची. नर्सबाईंनी दार उघडलं आणि त्या गोंधळल्या. "मामा, तुम्ही? आमच्याकडे तर काहीच गळत नाही."

सासऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, तुमची गच्ची मी केली होती. चुकली असेल तर बघायला आलोय."

मागे रस्त्यावर सुनेने घार जमिनीवर ठेवली आणि पंख उघडले.